बिघाड हुडकण्याची विद्या

सोलापूरहून पुण्यास जाणारी आगगाडी दौंडास थांबते, तेव्हां प्रवाशांचें लक्ष चहाकडे असतें. याच गांवीं १९२७ सालीं विलायतेहून येणारे बिनतारी संदेश टिपून घेणारें केंद्र सुरू झालें, आणि उलट दिशेचे संदेश खडकीहून जात, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. त्याच वर्षीं मुंबईचें नभोवाणी केंद्रही बोलूं लागलें. म्हणजे या विद्येचा व या प्रांताचा परिचय शंभर वर्षांचा होत आला. यंत्रें त्या काळापेक्षां कितीतरी पटींनीं सरस झालीं आहेत. ओहोटी लागली आहे ती बिघडलेल्या यंत्रांतील दोष हुडकण्याच्या कसबास.

व्हॉल्वचा रेडिओ मुका झाला म्हणजे जुना कारागीर काय करी? व्हॉल्व तापून लाल झाले आहेत कीं नाहींत हें तो प्रथम पाही. मग आवाज कमीजास्त करण्याच्या खुंटीच्या मधल्या टोकास जपून बोट लावी. कर्ण्यांतून घरघर आली, तर तेथून कर्ण्यापर्यंतचा भाग धड आहे, दोष एरिअलच्या बाजूस आहे, हें एका क्षणांत ठरे. अर्धें यंत्र संशयांतून सुटे. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावयाचे. संच बोलत असूनही एकसारखा गुणगुणत राहिला, तर बहुधा प्रवाह गाळणारा कंडेन्सर सुकलेला असे. (हा प्रयोग कोणी घरीं करूं नये, आंतील विद्युद्दाब जीवघेणा असतो.)

आतां संबंध पाटीच काढून नवी बसवितात. यांत कारागिराचा दोष नाहीं. केसासारख्या रेषांची ती जुळणी हातानें दुरुस्त करणें परवडतही नाहीं. परंतु केवळ पाटी बदलावयास शिकलेल्या मनुष्यास, दोष पाटीच्या बाहेर तारेंत किंवा जमिनींत असला म्हणजे पुढें सुचेनासें होतें.

आणि दूरध्वनीचे दोष पुष्कळदां जमिनींतच असत. शिशाच्या वेष्टनांतील शेंकडों जोड्यांची केबल सांधणें म्हणजे काय, हें सोलापूरच्या विणकरास लवकर समजेल. ताण्यांतील तुटलेलें सूत सांधतांना शेजारचें सूत धरलें तर चादरीची नक्षी बिघडते. येथें जोडी चुकली कीं एकाचा दूरध्वनि दुसऱ्याच्या घरीं वाजतो. पावसाळ्यांत सांध्यांत पाणी शिरलें, तर तारेचा विरोध मोजून दोष किती अंतरावर आहे तें काढीत आणि नेमकें तेथेंच खणीत. केबलीचे नकाशे असतात खरे. पण रस्ता रुंद होतांना ती कोणत्या बाजूस सरकविली, हें कित्येकदां एखाद्या जुन्या सांधेकऱ्याच्याच स्मरणांत असे.

३१ जानेवारी २०२० रोजीं भारत संचार निगममधून सुमारें ७८ हजार माणसें स्वेच्छानिवृत्ति घेऊन एकदम बाहेर पडलीं. योजना पन्नाशी गाठलेल्यांसाठीं होती. तेव्हां गेलीं तीं नेमकीं अनुभवी माणसें. वेतनाचा भार संस्थेस पेलत नव्हता, हें नाकारतां येत नाहीं. पण शिष्यानें गुरूशेजारीं चार पावसाळे चिखलांत उभें राहिल्यावांचून जी विद्या हातीं येत नाहीं, ती देण्यास अवधीच उरला नाहीं.

याचें मोल संकटाच्या वेळीं कळतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला, त्याचे धक्के सोलापुरासही जाणवले. भ्रमणध्वनि अद्याप देशांत आला नव्हता. त्या उद्ध्वस्त भागांतून निरोप पोंचविण्यास हौशी बिनतारीवाले पुढें आले. असा मनुष्य परीक्षा देऊन परवाना मिळवितो. मोटारीच्या बॅटरीवर संच चालविणें त्यास येतें, आणि चाळीस मीटरच्या लहरीसाठीं सुमारें वीस मीटर तार ताणून एरिअल करणें हा त्याचा हातचा मळ असतो. आज भ्रमणध्वनीचे मनोरे आहेत. परंतु वीज गेली आणि बॅटरी संपली म्हणजे मनोराही मुका होतो.

निवृत्त सांधेकरी आणि जुने रेडिओ-दुरुस्तीवाले गांवोगांव अद्याप आहेत. फार वर्षें असणार नाहींत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं त्यांस मानधन देऊन आठवड्यांतून दोन तास बोलवावें, आणि विद्यार्थ्यांपुढें नवें यंत्र न ठेवतां मुद्दाम बिघडविलेलें ठेवावें. गुण द्यावयाचे ते दोष किती थोड्या मोजमापांत सांपडला, हें पाहून.