खाडा, पाळी आणि आरोग्यशिक्षण



‘खाडा’ हा शब्द मराठीत जुना आहे. कामावर न आलेल्या दिवसाची हजेरीपुस्तकातील ती खूण. ऊसतोडीच्या फडात मात्र या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या अन्य दुष्काळी भागांतून जी कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात, त्यांच्यातील नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत त्या दोघांच्या अंगमेहनतीवर मुकादमाचा हक्क असतो. दोघांपैकी एकाने एक दिवस काम सोडले तरी खाडा धरला जातो, आणि दिवसाला पाचशे रुपये, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, उचलीच्या हिशेबात चढवले जातात. ताप आला तरी खाडा, बाळंतीण झाली तरी खाडा, आणि पाळीने पोटात कळा येत असल्या तरीही खाडाच.

पाळीच्या दुखण्याचा विचार या फडापासून सुरू करण्याचे कारण आहे. या दुखण्यावर समाज काय उपाय सुचवतो, याचे अत्यंत क्रूर उत्तर याच फडात मिळाले. २०१९ साली राज्य शासनाने विधानसभेत माहिती दिली की, त्याआधीच्या तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. दोन पाहण्यांची पद्धत एक नव्हती, हे मान्य केले तरी एवढी मोठी तफावत पद्धतीने निर्माण होत नाही.

या स्त्रिया डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या कशासाठी? पांढरे जाणे, अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात आणि कंबरेत दुखणे. बहुतेक तक्रारी औषधाने, विश्रांतीने किंवा साध्या उपचाराने आटोक्यात येण्याजोग्या होत्या. परंतु त्यांच्यापैकी अनेकींना कर्करोगाची भीती घालण्यात आली. ‘मुले झाली, आता पिशवीचा काय उपयोग?’ असेही सांगण्यात आले. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला, हा हिशेब त्यांच्या परिस्थितीने त्यांच्यापुढे आधीच मांडून ठेवला होता. तिशी-पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांनीही तो स्वीकारला. पुढे काय होते ते कोणी सांगितले नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एकदम ओढवते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येण्याची शक्यता असते. खाडा वाचवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायला त्याच स्त्रिया पुन्हा मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढल्या.

आरोग्यशिक्षणाचे मोल कशात आहे, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. आपल्या शरीरात काय घडते, हे ज्या स्त्रीला ठाऊक आहे, तिला भीती घालून शस्त्रक्रियेच्या मेजावर नेणे अवघड असते.

मग काय घडते? दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की संप्रेरकांची पातळी उतरते आणि ते अस्तर सुटू लागते. या वेळी त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो, त्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला रक्त कमी पडते आणि कळ येते. ही द्रव्ये रक्तात उतरली की मळमळ, जुलाब, डोकेदुखीही होते. ज्या मुलीच्या अस्तरात ती अधिक तयार होतात तिला कळा अधिक येतात. तिच्या सोशिकतेशी वा नाजूकपणाशी याचा काही संबंध नाही. ‘आम्ही नाही का सोसले?’ हा वडीलधाऱ्या स्त्रियांचा प्रश्न म्हणूनच अन्यायाचा ठरतो. दोघींच्या शरीरांत घडणारी गोष्ट कमीअधिक होती, एवढेच त्याचे उत्तर आहे.

अशा साध्या, रोगाविना होणाऱ्या दुखण्यावर घरगुती आणि नैसर्गिक उपाय निश्चित आहेत, आणि त्यांना शास्त्राचा आधारही आहे. पहिला उपाय शेक. आजीच्या काळापासून चालत आलेला हा उपाय २००१ साली अमेरिकेत रीतसर तपासला गेला. ओटीपोटावर सुमारे ३९ अंशांची सौम्य ऊब सलग बारा तास ठेवली, तेव्हा तिने आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम दिला. दुसरा उपाय हालचाल. पाऊण ते एक तास, आठवड्यातून तीन वेळा चालणे, योगासने किंवा अन्य व्यायाम नियमाने केला तर वेदना कमी होतात, असे २०१९ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत सुंठ किंवा आले घेतल्याने काही जणींना आराम पडतो. याविषयीचे प्रयोग लहान आहेत, पण अपाय फारसा नाही. पुरेशी झोप आणि पोटभर अन्न हे तर उपायांच्या यादीत घालण्याचीही गरज पडू नये.

परंतु निसर्गाच्या नावावर जे जे सांगितले जाते ते सर्वच खरे नव्हे. पाळीचे रक्त ‘अशुद्ध’ नसते. त्यामुळे ते ‘साफ’ करणाऱ्या काढ्यांची आणि चूर्णांची गरज नसते. दही, लोणचे, आंबट पदार्थ वर्ज्य करण्याने कळ कमी होत नाही. उलट, अशा पथ्यांमुळे आधीच अपुरा असलेला आहार आणखी तोकडा होतो. २०१९-२१ च्या पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, तेथे पाळीच्या चार दिवसांत ताटातून पदार्थ काढून घेणे हा अपराध मानला पाहिजे. तीळ, गूळ, नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये आणि त्यांवर पिळलेले लिंबू ताटात वाढले पाहिजे. चहा जेवणाबरोबर न घेता मागाहून घेतला पाहिजे.

आणखी एक गैरसमज सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. वेदनाशामक गोळी घेतली की पुढे मूल होण्यात अडचण येते, असे समजून मुली दर महिन्याला तडफडतात. १९७१ साली जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, हे दाखवून दिले. प्रोस्टाग्लँडिनविषयीच्या संशोधनाबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. ही गोळी दुखण्याच्या मुळाशीच काम करते. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि इतरांनी जेवणानंतर, एक-दोन दिवस ती घेण्यात कमीपणा नाही. शेकाने भागत असेल तर उत्तमच. भागत नसेल तर निसर्गाच्या हट्टापायी सोसत राहणे हे शहाणपण नव्हे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणते दुखणे घरगुती उपायांवर सोडू नये, हे सांगणे. दर वर्षी वाढत जाणारी वेदना, पाळी संपल्यावरही राहणारी किंवा संबंधाच्या वेळी होणारी वेदना, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, तासा-तासाला घडी बदलावी लागणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव, पाळी चुकल्यानंतर एकाएकी उठलेली कळ — यांपैकी काहीही असले तर तपासणी झालीच पाहिजे. गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिऑसिस हा विकार ‘पाळीत दुखतेच’ या एका वाक्याखाली वर्षानुवर्षे दडून राहतो.

हे सारे ज्ञान काही गुप्त नाही. मग ते फडापर्यंत का पोचले नाही? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत चालवले. शरीराविषयी स्पष्ट बोलल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी शिक्षा झालीच. त्यानंतर सात दशके उलटली आणि २००७ साली शाळांतील किशोरशिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ होऊन तो कार्यक्रम थांबवण्यात आला. संस्कृतीच्या नावाने जो धडा वर्गात वाचू दिला जात नाही, तो पुढे भीतीच्या रूपाने खाजगी दवाखान्यात विकला जातो.

या मौनाची किंमत १९८९ सालीच मोजली गेली होती. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. यापूर्वी तपासणी झालेल्या मात्र शंभरात आठच होत्या. जगाच्या वैद्यकाला तोवर ग्रामीण स्त्रीचे शरीर बाळंतपणापुरतेच दिसत होते.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. विटाळाची प्रथा वाईट असेल, पण तिने स्त्रीला चार दिवस विश्रांती तरी दिली, असे म्हटले जाते. याचा विचार टाळून चालणार नाही. घरकामाच्या रगाड्यातून सुटका म्हणून काही स्त्रियांनी त्या चार दिवसांची वाट पाहिली असेल, हे खरे मानावे. पण गडचिरोलीतील माडिया गोंडांच्या गावांत ज्या कुर्माघरात पाळीच्या स्त्रियांना राहावे लागते, ती झोपडी पाहिली की या विश्रांतीचे स्वरूप कळते. तेथे साप-विंचवाची भीती आहे, पावसाचे पाणी आहे, आजारपणात जवळ माणूस नाही. शिवाय घरात न शिवणाऱ्या स्त्रीला शेतातील कामाची सूट नसते. विटाळाने चूल वर्ज्य केली, कोयता वर्ज्य केला नाही. स्त्रीला हवी आहे ती अपमानावाचून मिळणारी विश्रांती. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्यात दोन दिवसांची विशेष रजा आहे. ती देण्यासाठी कोणाला अपवित्र ठरवावे लागले नाही. ही सवलत नोकरदार स्त्रीला मिळू शकते, तर उसाच्या फडातील स्त्रीला का नाही?

आणि नैसर्गिक उपायांचा प्रश्न शेवटी येथेच येऊन ठेपतो. शेकायला गरम पाणी लागते, पाणी तापवायला सरपण आणि वेळ लागतो, शेकून घ्यायला चार भिंतींचा आडोसा लागतो. फडाशेजारच्या कोपीत यांपैकी काय आहे? तेथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही, वापरलेले कापड धुऊन उन्हात वाळत घालण्याची जागा नाही. पहाटेपासून वाकून ऊस तोडणाऱ्या स्त्रीला व्यायामाचे महत्त्व सांगणे ही तिची थट्टा होईल. ज्ञान हवेच, पण त्याबरोबर ते वापरण्याची साधने आणि अधिकार दिला नाही, तर आरोग्यशिक्षण हा सुखवस्तूंचा उपदेश होऊन बसतो. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरील जीएसटी रद्द झाला, हे चांगलेच झाले. परंतु पॅड वाटले म्हणजे आरोग्यशिक्षण झाले, ही समजूत सोयीची आणि खोटी आहे.

म्हणून काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. पाळीचा धडा शाळेत मुलांना आणि मुलींना एकत्र शिकवला जावा. कारण उद्याचा नवरा, डॉक्टर आणि मुकादम त्याच वर्गात बसलेला असतो. आशा कार्यकर्तीने हंगामापूर्वी गावात आणि हंगामात फडावर जाऊन हे बोलावे, आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. कारखान्यांनी कोप्यांजवळ पाणी, शौचालय आणि न्हाणीघर द्यावे. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बेकायदा ठरावा. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले. त्या सूचना प्रत्येक तालुक्यात मराठीत भिंतीवर लागाव्यात. शस्त्रक्रिया सुचवली गेली की दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, एवढी गोष्ट प्रत्येक ऊसतोड कामगार स्त्रीला माहीत असावी.

यातील कोणतीच मागणी भव्य नाही. कष्टकऱ्यांच्या चळवळीने आठ तासांचा दिवस मिळवला, बाळंतपणाची रजा मिळवली, आणि त्या वेळीही ‘उद्योग कसे चालणार’ असे विचारले गेलेच होते. पाळीचे दुखणे मात्र या चळवळीच्याही मागणीपत्रकांत क्वचितच आले. पुरुषांनी ते स्त्रियांची खाजगी बाब मानली आणि स्त्रियांनी लाजेने ते मांडले नाही. आता पुढचा करार होईल तेव्हा दरवाढीच्या कलमाबरोबर खाड्याचे कलमही टेबलावर आले पाहिजे, आणि ते मांडायला फडातील स्त्री स्वतः तेथे बसलेली असली पाहिजे.