सावड आणि सक्ती
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगता आणि एकजूटही करा म्हणता. दोन्ही एकदम कसे जमायचे?

उत्तर आपल्या शिवारातच आहे. एकेका बैलाचे दोन शेतकरी सावड करतात. आज याचे रान, उद्या त्याचे. वाफसा उडायच्या आत दोघांची पेरणी उरकते. पण बांध जागचा हलत नाही. कपाशी लावायची की ज्वारी, ज्याचे तो ठरवतो. पटले नाही तर पुढच्या साली सावड सोडतो. त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही.

आता दुसरा एकोपा पाहा. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवू, असे सांगितले गेले. काही हंगामांत भावाला आधार मिळालाही. पण २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मिळेपर्यंत आपलाच कापूस राज्याबाहेर नेऊन विकायची आपल्याला मुभा नव्हती. प्रतवारी कोणती, चुकारा कधी, हे आपल्याला कोणी विचारले? नाव सगळ्यांचे, आणि गाडीपाशी रात्र काढणारा शेतकरी एकटाच.

वाट मोकळी झाली, तरी एकटेपण सुटले नाही. देणेकरी दारात असताना दोन क्विंटल घेऊन गेलेला शेतकरी भाव सांगत नाही, ऐकतो. सोडून जायची मुभा हवी, तशी सोबतही हवी.

शाळेतही हेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवली. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य आले. पण ‘कमवा आणि शिका’ म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या घामावर शिकायचे, कोणाचे मिंधे व्हायचे नाही. आज आपली पोरे एका सुरात उत्तरे घोकतात आणि गुणांसाठी एकमेकांपासून वही लपवतात. एकत्र असून एकटी, आणि तरी स्वतःचे मत नाही.

आणि घर? निंदण तिचे, वेचणी तिची. पट्टीचे पैसे मोजताना तिला विचारतो का आपण?

म्हणून या हंगामात कापूस गावाने मिळून विका. वजन आणि पट्टी ज्याची त्याच्या नावावर, हिशेब चावडीवर मोठ्याने वाचलेला, आणि ज्याला नको त्याला वाट मोकळी. ही सावड झाली. यातले एक जरी सुटले, तर ती सक्ती समजा.