गावाची नाडी आणि आपली जबानी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी रोजगाराच्या आकड्यांवर बोलणार, असे कळताच पुष्कळजणींच्या कपाळाला आठी पडली! पण आपण सोलापूरच्या बायका. 1877 साली इथे जुनी गिरणी सुरू झाली आणि गिरणीच्या भोंग्यावर आपल्या चुली पेटू लागल्या. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, घरचा कर्ता पुरुष रिकामा झाला. तेव्हा कितीतरी घरे बाईच्या सुपातल्या विड्यांवर तगली.

गिरणी बंद पडली की भोंगा थांबतो, साऱ्या गावाला कळते. विडीचे काम घटते तेव्हा मात्र काहीच वाजत नाही. हजार विड्यांची पाने मिळत होती, तिथे सातशेंची मिळतात. सहा दिवसांचे काम चार दिवसांवर येते. बाई घरातच असते, सूपही मांडीवरच असते. मग हे कळायचे कसे? विचारल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय नाही.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी हे ओळखले होते. पुण्याची आणि आपल्या सोलापूरची आर्थिक पाहणी त्यांनी केली. आज देशभर केंद्र सरकारची श्रमबल पाहणी चालते. ती 2017 साली सुरू झाली आणि 2025 पासून तिचे मासिक आकडेही निघतात. निवडलेल्या घरी गणक येतो. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी कमाईचे काम केले असेल, तर त्या आठवड्यापुरते ते माणूस कामावर धरतात. घरच्या धंद्यात पगाराशिवाय हात लावणारीही कामकरीच ठरते.

पंधरा वर्षांवरील बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 मध्ये शेकडा 23.3 होत्या, 2023-24 मध्ये त्या 41.7 झाल्या. आकडा वाढला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. ही वाढ मुख्यतः स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यातली आहे आणि त्यात बिनपगारी मदतनीसही आहेत. म्हणून किती बायका कामावर आहेत एवढेच न पाहता, हाती काय पडले तेही पाहावे. स्वयंपाक, धुणेभांडी तर या हिशेबात येतच नाहीत. 2024 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88, असे दिसले.

आता आपली चूक सांगते. आमच्या शेजारी गणक आला. सासूबाई म्हणाल्या, "सून घरीच असते, काही करत नाही." सून तेव्हा आत पाने कापीत होती! त्या एका वाक्याने तिची मजुरी कागदावरून पुसली गेली. उद्या तिचे काम निम्मे झाले, तर गेले काय, हे कोणाला दिसणार? जे मांडलेच नाही, ते घटले म्हणून दाद कुठे मागायची?

म्हणून दोन गोष्टी करा. गणक आला तर विड्या, शिवण, विकायचे पापड, सगळे सांगा. आणि घरी एक वही ठेवा: महिन्यात किती दिवस काम मिळाले, किती विड्या वळल्या, हाती किती आले. यंदाचा श्रावण गेल्या श्रावणाशी ताडून पाहा, दिवाळीशी नको. सणावाराला काम मुळातच कमीजास्त होते.

पुढच्या वर्धापनदिनी या वह्या घेऊन या. आपल्या गावाची नाडी आपणच पाहू.