चेन पडली, हजेरी गेली

आम्ही चाकणच्या बाजूच्या एका बचत गटातल्या, सायकलवर कंपनीत जाणाऱ्या. मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीची चेन तळेगाव-चाकण रस्त्यावर पडली. एका बाजूनं कंटेनर, दुसऱ्या बाजूला चिखल. काळ्या हातांनी ती गेटवर पोहोचली तेव्हा दहा मिनिटं उशीर झालेला. ठेकेदारानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही सगळ्या सायकली अंगणात घेऊन बसलो.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कंपनीत लाईनवर अशीच चेन फिरते. तिला ठरल्या दिवशी फिटर पुसतो, तेल देतो, कार्डावर सही करतो. आम्ही ते बघतोच की! आणि जिच्यावर आमची हजेरी, तिला दिवाळीला एकदा तेल.

चेनच्या प्रत्येक कडीत बारीक पिन असते आणि तिच्याभोवती रोलर फिरतो. रस्त्याची धूळ आत शिरून तेलात कालवली गेली की पॉलिशपेपरसारखी घासते. पिना झिजतात, चेन लांबते, मग दाते सोडते.

सायकल डबल स्टँडवर लावा, नसेल तर उलटी करा. पदर, ओढणी खोचून घ्या, लहान पोरांना लांब बसवा. चेनकव्हर काढलं तर स्क्रू वाटीत ठेवा, नाहीतर शोधत बसाल. जुन्या फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवा, म्हणजे चाक न फिरता चेन पुसली जाते. मळ घट्ट असेल तर जुना दातघासणीचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून घासा. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं, पेट्रोल मुळीच नको. चूल, गॅस, विडी जवळ नको. घाण रॉकेल ओढ्यात ओतू नका. बाटलीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं.

चेन पूर्ण वाळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल, एकेका रोलरवर एकच थेंब. पायडल थोडा वेळ फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. इथंच आम्ही चुकत होतो: चेन तेलानं चमकली पाहिजे असं वाटायचं. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं. खोबरेल नको, ते चिकट होतं. गॅरेजमधलं काळं ऑईल फुकट मिळतं, पण त्यात लोखंडाची कीस असते आणि ते कातडीलाही वाईट.

पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या. एरवी दर पंधरा दिवसांनी पुरतं.

आता झीज. पोरांच्या दप्तरातली फुटपट्टी घ्या. ताणलेल्या चेनवर शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. 12 इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. ती पिन एक सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले जातात आणि खर्च वाढतो. चेन मधोमध बोटानं वरखाली हलवून बघा. साधारण चार सूत हलावी. जास्त हलली तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक सरळ मागं ओढा. हे पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घेऊन करा. आमच्याकडून चाक दोनदा तिरकं बसलं होतं.

आणि फुटपट्टी पुसून दप्तरात परत ठेवा. आमच्या घरी वहीवर तेलाचा डाग पडला, ते अजून ऐकून घेतोय.