पिसारी पतंग



सायंकाळीं दिव्याभोंवतीं जे किडे जमतात, त्यांत वाळलेल्या गवताच्या काडीसारखा एक किडा कित्येकदां भिंतीवर स्वस्थ बसलेला आढळतो. मध्यें बारीक देह, दोहों बाजूंस ताठ पसरलेले अरुंद पंख आणि खालीं लांब, कांटेरी पाय. हा एक पतंग आहे, हें प्रथमदर्शनीं कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. यासच पिसारी पतंग म्हणतात.

तो उडावयास निघाला म्हणजे त्याचें खरें स्वरूप प्रकट होतें. त्याचा पुढील पंख बहुधा दोन भागांत व मागील पंख तीन भागांत चिरलेला असतो. प्रत्येक भागाच्या कडेस केंसांची दाट झालर असते. तिच्यामुळें तो भाग पक्ष्याच्या पिसासारखा दिसतो. बसतेवेळीं मागील पंख पुढील पंखाखालीं दुमडले जातात आणि काडीचें सोंग पुन्हां पुरें होतें. या नियमास अपवादहि आहेत. अॅग्डिस्टिस नांवाच्या गणांतील पतंगांचे पंख मुळींच चिरलेले नसतात. तरीहि इतर लक्षणांवरून त्यांची गणना याच कुळांत होते.

लिनीअसनें 1758 सालीं अशा पतंगांच्या सहा जाति नोंदल्या व एकापासून सहापर्यंत बोटें मोजीत त्यांस नांवें दिलीं. डॅक्टिलोस म्हणजे ग्रीक भाषेंत बोट. त्यांपैकीं पेंटाडॅक्टिला, म्हणजे पांच बोटांचा, हा युरोपांतील शुभ्र पतंग प्रसिद्धच आहे. सहा बोटांचा हेक्झाडॅक्टिला मात्र पुढें निराळ्या कुळांत घालण्यांत आला. त्याचा प्रत्येक पंख सहा पिसांचा असतो. आज पिसारी पतंगांच्या दीड हजारांवर जाति शास्त्रास ठाऊक आहेत आणि अंटार्क्टिका सोडल्यास प्रत्येक खंडांत त्या आढळतात. आपल्या भागांतील जातींच्या अभ्यासांत टी. बेनब्रिज फ्लेचर यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. ब्रिटिश आरमारांत पेमास्टर असलेल्या या गृहस्थांनीं सिलोनमधील पिसारी पतंगांवर 1909 सालीं ग्रंथरूप लेख प्रसिद्ध केला, व पुढें बिहारांतील पुसा येथें ते सरकारचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ झाले.

या कुळाची खरी विविधता अळ्यांच्या आहारांत आहे. दवबिंदू नांवाची कीटकभक्षक वनस्पति आपणांपैकीं कांहींनीं कासच्या पठारावर पाहिली असेल. तिच्या पानांवरील केंसांच्या टोकांशीं चिकट थेंब चमकत असतात आणि त्यांवर बसलेला किडा सहसा सुटत नाहीं. परंतु अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत एका पिसारी पतंगाची अळी याच वनस्पतीवर पोसली जाते. टॉमस आयस्नर व त्यांचे सहकारी यांनीं 1965 सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती प्रथम केंसांच्या टोकांचे चिकट थेंब गट्ट करते, मग ते केंस खाते आणि अशा रीतीनें निःशस्त्र झालेलें पान शेवटीं संपविते. ज्या सापळ्यांत इतर कीटक प्राण गमावतात, तोच हिच्या जेवणाचें ताट होतो.

दुसरी एक जाति मनुष्याच्या कामीं आली. हवाई बेटांत घाणेरीनें कुरणें व्यापलीं, तेव्हां 1902 सालीं आल्बर्ट कोबेली यांनीं मेक्सिकोहून तिचे शत्रु कीटक धाडले. त्यांत फुलांच्या गुच्छांत राहून फुलें खाणारा एक पिसारी पतंगहि होता. घाणेरीचें निर्मूलन त्याच्यानें झालें नाहीं. पण तो तेथें कायम रुजला. हा पतंग भारतांतहि घाणेरीवर आढळतो.

याउलट आपल्या शेतकऱ्यास ज्याचें भय, तो तुरीवरील पिसारी पतंग होय. शास्त्रीय भाषेंत त्यास एक्झेलास्टिस अॅटोमोसा म्हणतात. पाऊस सरल्यावर तुरीला कळ्या धरूं लागल्या कीं मादी कळ्यांवर व कोंवळ्या शेंगांवर एकेक अंडें घालते. अळी हिरवट, बारीक केंसांनीं व कांट्यांनीं आच्छादलेली असते. ती शेंगेची साल खरवडून छिद्र पाडते व आंतील दाणे खाते. तिचा कोशहि तसाच केंसाळ असून पुष्कळदां शेंगेवरच चिकटलेला असतो. त्यामुळें पाहणारास ती निश्चल पडलेली अळीच वाटते.

येथें ओळखीचें महत्त्व आहे. तुरीच्या शेंगांवर घाटेअळी, पिसारी पतंग व शेंगमाशी हे तीन शत्रु बहुधा एकाच हंगामांत येतात. घाटेअळीसाठीं लावलेल्या कामगंध सापळ्यांत फक्त तिचेच नर सांपडतात. म्हणून सापळा रिकामा राहिला तरी पिसारी पतंग शेतांत नाहीं, असें सिद्ध होत नाहीं. शेंगमाशीची अळी तर शेंगेच्या आंतच वाढते व बाहेरून बराच काळ कांहींच दिसत नाहीं. यास्तव फुलोऱ्याच्या सुमारास प्रत्यक्ष झाडें हालवून व शेंगा उघडून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं. याच वेळीं पांच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. अळी शेंगेंत तोंड घालण्यापूर्वी केलेला उपाय अधिक लागू पडतो, हें उघड आहे.

मात्र शेताच्या बांधावर घाणेरीच्या फुलांत पिसारी पतंग दिसला, म्हणून तुरीवर संकट आलें असें समजूं नये. त्याची अळी घाणेरीवर जगते, तुरीच्या शेंगांकडे ती वळत नाहीं. दोघांचें रूप दुरून सारखें दिसलें तरी एक शेतकऱ्याचा घास हिरावतो व दुसरा तणाचीं फुलें खातो. केवळ पंखांवरून निर्णय न करतां, अळी कोणत्या झाडावर व काय खात आहे, तें पाहावें. तुरीच्या ओळींतून फिरतांना एवढें ध्यानांत ठेवलें, तर व्यर्थ फवारणीचा खर्च वांचेल आणि खऱ्या शत्रूची गांठहि वेळेवर पडेल.