पापडाच्या ओटीवर वाचन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; सभेत उभे राहायची सवय नाही. पण ज्या कामाविषयी बोलायचे ते आपल्याच ओटीवर झाले आहे, म्हणून धीर केला.

दुपारी आपण पापड लाटायला बसतो. शाळा सुटली की मुले आईला शोधत तिथेच येतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक चौथीतली मुलगी मराठीचा धडा घडाघडा म्हणत होती. मला मोठे कौतुक वाटले. मी सहज पुस्तकाचे दुसरे पान उघडून एका ओळीवर बोट ठेवले. मुलगी गप्प! सबंध धडा तोंडपाठ, पण अक्षराची ओळख नाही. तिच्या आईचा लाटण्यावरचा हात थांबला. त्या माउलीला स्वतःला वाचता येत नाही. तिला वाटे, आपली पोर वाचते आहे.

२००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघर जातात आणि मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट असते. मूल कुठे अडते ते पाच मिनिटांत कळते. त्याच धर्तीवर मी एक कागद लिहून काढला. ओटीवरच्या चौदा मुलांत गोष्ट वाचणारी तीनच निघाली.

आता शिकवायचे कोणी, आणि केव्हा? आपली मजुरी किलोवर. तासभर लाटणे खाली ठेवले की तेवढे पैसे बुडतात, हे बोलून दाखवायला संकोच कशाला? तेव्हा असे ठरले, की जिची शिकवायची पाळी तिच्या वाट्याच्या लाट्या बाकीच्यांनी लाटून द्यायच्या. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांनीच हे आधी कबूल केले. मुलांच्या हाती लाटणे द्यायचे नाही, हेही त्याच दिवशी ठरले.

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून घेण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. ग, म, भ, न ही चार अक्षरे आली, की ‘मन’, ‘नग’, ‘गगन’, ‘नभ’ एवढे शब्द लगेच वाचता येतात, आणि मुलाचा चेहरा फुलतो. त्यावर काना. ‘पापड’, ‘डाळ’, ‘मसाला’ हे शब्द डब्यांवरच लिहिलेले! पहिली वेलांटी मात्र फार छळते. ती अक्षराच्या आधी दिसते आणि म्हणायची नंतर. ‘मिरी’ आणि ‘हिंग’ यांवर आमचे दोन आठवडे गेले. आणि ‘र’ची तर काय सोंगे! ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पोटाशी बसतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी. आपण रोज वाचतो, पण हे कधी ध्यानात येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पाचवीतल्या एका मुलाने ‘पर्वत’चे ‘परवत’ केले आणि मी हसले. दुष्टपणाने नव्हे, पण हसले. मग बाकीची मुलेही हसली. दुसऱ्या दिवसापासून तो येईना. त्याची आईही माझ्याशी तुटक बोलू लागली. आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. तो दाराआड उभा. मी त्याला म्हटले, “बाळा, इंग्रजी पाटी वाचताना मीही अशीच अडखळते. तुला येते ना इंग्रजी अक्षर? चल, मला शिकव.” तो लगेच आला नाही. चार-पाच दिवसांनी आला, आणि चटईच्या अगदी टोकाला बसला. अजून तो मोठ्याने वाचत नाही. माझ्या कानाशी येऊन वाचतो. गेल्या महिन्यात मात्र एक अख्खी गोष्ट वाचली. मला ‘बस’ आणि ‘बँक’ ही इंग्रजी अक्षरे त्यानेच शिकवली.

ताराबाई मोडकांचे नाव आपण ऐकले आहे. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपली ओटी तर मुलांनी आपण होऊनच गाठली आहे.

येत्या पावसाळ्यात पापडाचे काम थांबेल, पण मुलांचा तास चालू ठेवायचा आहे. ओटीवर पाणी येते, म्हणून कुणाची तरी पुढची खोली बुधवारी आणि शनिवारी चार ते पाच लागेल. घरात गोष्टींची जुनी पुस्तके असतील तर रद्दीत घालू नका, माझ्याकडे पाठवा. मोठ्या अक्षरांची असली तर फार बरे. आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या दोघी तरी हव्या आहेत. शिक्षणाचे विचारणार नाही. माझेच सातवी आहे. फक्त हसू आवरता आले पाहिजे.