नाव नसलेली भूमिका
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळ जे नाटक बसवीत आहे त्याची पात्रयोजना गेल्या महिन्यात जाहीर झाली आणि आमच्या वाट्याला हुजऱ्याची भूमिका आली. दोन वाक्ये आणि तीन मुजरे! ह्याच रंगमंचावर वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही नायक म्हणून उभे राहिलो होतो. तेव्हा मनाला किंचित डंख झाला हे कबूल केले पाहिजे. प्रकृतीचे निमित्त सांगून मोकळे व्हावे, असाही विचार मनात डोकावला. त्याच सुमारास अमेरिकेतील एका जुन्या नटाचा जीवनवृत्तान्त आमच्या वाचनात आला. तोच आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

ह्या नटाचे नाव किंग बॅगट. १८७९ साली मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरी त्याचा जन्म झाला. तरुणपणीच तो रंगभूमीकडे वळला आणि नाटक कंपन्यांतून कामे करू लागला. १९०९ साली तो कार्ल लेम्ली ह्यांच्या ‘इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स’ ह्या चित्रपटसंस्थेत दाखल झाला. त्या काळी नाटकातील नट ह्या हलत्या चित्रांत काम करणे कमीपणाचे मानीत. चित्रपटसंस्थाही नटांची नावे पडद्यावर देत नसत. नाव झाले की नट पगार वाढवून मागेल, ही धास्ती! त्यामुळे आपल्या ह्या नटाचा चित्रपटातील प्रवेश अनामिक म्हणूनच झाला.

लेम्लींनी मात्र उलटा मार्ग धरला. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी मरण पावल्याची वार्ता उठली होती. ती खोटी असल्याचे त्यांनी मार्च १९१० मध्ये मोठ्या जाहिरातीने नावानिशी प्रसिद्ध केले. ह्या वार्तेमागेही लेम्लींचाच हात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे ही नटी जिवंत असल्याचे लोकांना प्रत्यक्ष दाखविण्यासाठी त्यांनी तिला आणि बॅगटला सेंट लुईस येथे पाठविले. तेथे तिला पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटली. ज्या गावी बॅगटचा जन्म झाला, त्याच गावी तो चित्रपटाचा नायक म्हणून लोकांसमोर उभा राहिला.

त्यानंतर त्याच्या नावाचा डंका वाजू लागला. न्यूयॉर्कमधील चित्रपट-व्यावसायिकांनी १९१२ साली ‘स्क्रीन क्लब’ स्थापन केला, त्याचा पहिला अध्यक्ष बॅगटच. १९१३ साली ‘आयव्हॅनहो’च्या चित्रणासाठी तो अटलांटिक ओलांडून वेल्समधील चेपस्टोच्या किल्ल्यात गेला. त्याच वर्षी ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’मधील सज्जन व दुर्जन ही दोन्ही रूपे त्याने उभी केली. १९१४ च्या ‘शॅडोज’ ह्या चित्रपटात तर त्याने एकट्याने दहा भूमिका केल्या. पुढे नायकाचे वय ओसरल्यावर तो दिग्दर्शनाकडे वळला. विल्यम हार्ट ह्या नटाचा ‘टंबलवीड्स’ हा १९२५ चा चित्रपट त्यानेच दिग्दर्शित केला. जमिनीचा ताबा मिळविण्यासाठी हजारो माणसे घोड्यांवरून आणि गाड्यांतून धावत सुटतात, तो त्यातील प्रसंग आजही वाखाणला जातो.

आणि मग काळ फिरला. १९२७ नंतर बोलपटांचे युग आले. रंगभूमीवर कमावलेल्या वाणीला मूकपटांत काही काम नव्हते; वाणीला काम मिळण्याचे दिवस आले तेव्हा बॅगट पन्नाशीला टेकला होता आणि पडदा नव्या चेहऱ्यांनी भरून गेला होता. कोठे पोलीस, कोठे मेजवानीतील पाहुणा, कोठे गर्दीतला एक माणूस, अशी क्षणभराची कामे त्याच्या वाट्याला आली. श्रेयनामावलीत बहुधा नाव नसे. अशी कामे त्याने जवळजवळ दीड तप केली. ११ जुलै १९४८ रोजी लॉस एंजेलिस येथे तो निवर्तला.

अनामिक म्हणून आला, राजा झाला आणि पुन्हा अनामिक होऊन गेला. हा दैवाचा खेळ केवळ परमुलखातला आहे, असे कोणी समजू नये. ‘अलबेला’चे (१९५१) नायक आणि दिग्दर्शक भगवान ह्यांनाही पुढे किरकोळ भूमिकांवर समाधान मानावे लागले, ते २००२ साली दादर येथे वारले.

बॅगटला पोटाची निकड होती, आम्हांला ती नाही. तेव्हा त्याच्याशी बरोबरी सांगणे हास्यास्पद ठरेल. परंतु ही हकीकत वाचून एक गोष्ट आम्हांस लख्ख दिसली. आम्ही नायक होतो त्या नाटकात आम्हांला मुजरा करणारा हुजऱ्या कोण होता? पुष्कळ आठवून पाहिले. त्याचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही! आमच्या दुखऱ्या अभिमानावर ह्याहून जालीम औषध नाही.

म्हणून एक विनंती आहे. स्मरणिकेसाठी मंडळाच्या पन्नास वर्षांतील नाटकांची यादी तयार होत आहे. तीत नाटककार, दिग्दर्शक, नायक व नायिका एवढ्यांचीच नावे आहेत. पडदा ओढणारे, पेटीवर बसणारे, विंगेतून शब्द पुरविणारे आणि भालदार-चोपदार होऊन तासन् तास उभे राहणारे ह्यांनीही आपापली कचेरी सांभाळून, परप्रांतात मराठी नाटक जिवंत ठेवले. ज्यांच्या घरी जुनी हस्तपत्रके वा छायाचित्रे असतील, त्यांनी ती चिटणिसांकडे आणून द्यावीत. जी नावे सापडतील ती सर्व छापली जावीत. काही मंडळी आता आपल्यांत नाहीत, पण त्यांची मुले-नातवंडे ह्या सभागृहात बसली आहेत. आजोबांचे नाव त्यांना छापलेले दिसू द्या.

राहिला आमचा प्रश्न. दोन्ही वाक्ये पाठ झाली आहेत. मुजरा मात्र अजून नीट जमत नाही. त्याची तालीम चालू आहे.